आधी मीटर, मग स्विच

आमच्या माळ्यावर एक खोकं होतं. त्याचा विषय निघाला की मोठे काका काहीतरी निमित्त काढून आत निघून जायचे. दोन वर्षं हेच चाललं होतं.

काका इथे कुंभकोणमला एका शाळेत गणित शिकवायचे. आता निवृत्त आहेत. शाळेने जुनं सामान काढलं तेव्हा त्यांनी भंगाराच्या भावात एक संगणक विकत घेतला. बिस्किटी रंगाची जाड पेटी, तिच्यातच बसवलेला कीबोर्ड, वरच्या ओळीत दहा लालसर बटणं. दोन वर्षांपूर्वी खंडेनवमीला, म्हणजे इथल्या आयुधपूजेला, त्यांनी तो खाली उतरवला, पुसला, त्याला गंध-कुंकू लावलं आणि आम्हा सगळ्यांना समोर बसवून स्विच दाबला. पाचेक मिनिटांत आतून ‘फट्’ असा आवाज आला. मागच्या फटींतून तपकिरी धूर निघाला. असा घाण वास सुटला की आजीने आम्हाला ओट्यावर पिटाळलं. काकांनी प्लग उपटला आणि एवढंच म्हणाले, “इतकी वर्षं टिकलं होतं. मीच मारलं त्याला.”

या वर्षी नवरात्राच्या आधी मी ते खोकं परत मागितलं. काका म्हणाले, “तू इंग्रजीची बीए. तुला त्यातलं काय कळणार?” खरं होतं. म्हणून आमच्या गल्लीच्या टोकाला टीव्ही दुरुस्त करणारे एक जण आहेत, त्यांना सोबत घेतलं. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. चाळीस वर्षं टीव्ही उघडलेला माणूस. संगणक मात्र त्यांनी कधी दुरुस्त केला नव्हता.

पुढच्या तीन आठवड्यांत आम्ही तिघांनी जे केलं आणि जे शिकलो, ते आज सांगते.

हे मशीन आलं कुठून?

१९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने शाळांमध्ये संगणक शिकवण्यासाठी ‘क्लास’ नावाची योजना सुरू केली. सुरुवातीला देशभरातल्या २५० शाळा निवडल्या गेल्या. त्या योजनेसाठी जो संगणक घेतला तो ‘बीबीसी मायक्रो’. इंग्लंडच्या केंब्रिजमधल्या एकॉर्न कंपनीने तो बनवला होता आणि १९८१ च्या डिसेंबरमध्ये तो बाजारात आला होता. बीबीसीने टीव्हीवरून संगणक शिकवायचा कार्यक्रम आखला होता, त्याच्या जोडीला हे यंत्र हवं होतं, म्हणून नाव असं. पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीने परवाना घेऊन तोच संगणक ‘युनिकॉर्न’ या नावाने आपल्याकडे बनवला.

याची मेमरी किती? ३२ केबी. तुमच्या फोनमध्ये ४ जीबी रॅम असेल, तर ती याच्या १ लाख ३१ हजार ७२ पट आहे. तेवढ्यात काकांनी पोरांना प्रोग्राम लिहायला शिकवलं. प्रोग्राम आधी वहीत लिहायचा, काकांकडून तपासून घ्यायचा, मग रांग लावून टाइप करायचा. मशीन कमी आणि मुलं जास्त, त्यामुळे एकेकाच्या वाट्याला थोडीच मिनिटं यायची.

या पेटीचं तुमच्या-माझ्या फोनशी नातंही आहे. तिच्यावर काम करणाऱ्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनीच पुढे एकॉर्नमध्ये ‘आर्म’ नावाचा प्रोसेसर तयार केला. २६ एप्रिल १९८५ ला पहिली आर्म चिप चालली, तीही बीबीसी मायक्रोला जोडून. आज जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनमध्ये आर्म पद्धतीचा प्रोसेसर असतो. हा लेख तुम्ही ज्यावर वाचताय, बहुधा त्यातही.

धूर कशाचा होता?

अण्णांनी पेटी उघडली, पण मुख्य बोर्डाला हातही लावला नाही. आधी डावीकडची पॉवर सप्लायची डबी सोडवून बाहेर काढली. “पहिलं पोट बघायचं, मग डोकं,” म्हणाले.

डबी उघडण्याआधी त्यांनी मला लांब बसवलं. प्लग काढला तरी आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट साठून राहू शकतात. ते कसे उतरवायचे हे माहीत असलेल्यानेच त्या डबीला हात लावावा. आपण लावू नये.

आत दोन छोट्या ठोकळ्यांपैकी एक फुटून काळा पडला होता, दुसऱ्यावर तडे गेले होते. हे घरातल्या विजेच्या तारांवर बसणारे गाळणीचे कपॅसिटर. संगणकामुळे शेजारच्या रेडिओत खरखर होऊ नये, एवढंच त्यांचं काम. आत कागद आणि धातूचा पातळ थर गुंडाळलेला, वर पिवळट पारदर्शक आवरण. चाळीस वर्षांत आवरणाला केसासारख्या भेगा पडतात, भेगांतून दमट हवा शिरते. आमचं गाव कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये, दमट हवेला इथे तोटा नाही. ओल शिरलेल्या कपॅसिटरला पुन्हा वीज मिळाली की तो आतून तापतो, जळतो आणि फुटतो. या जातीच्या जुन्या संगणकांमध्ये हा अगदी नेहमीचा प्रकार आहे.

मी काकांना हाक मारून तो काळा ठोकळा दाखवला. “हा हिशोबात भागच घेत नाही. हा जळला म्हणून संगणक मेला असं नाही.”

काकांनी चष्मा लावून बराच वेळ तो तुकडा उलटसुलट करून पाहिला. काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी आत निघूनही गेले नाहीत. स्टूल ओढून बसले.

अण्णांनी दोन्ही कपॅसिटर बदलले. असे कपॅसिटर थेट मेन्सवर बसायला खास बनवलेलेच घ्यावे लागतात, साधे चालत नाहीत. मग त्यांनी आपला सिरीज बल्ब आणला. ही युक्ती आपल्याकडच्या प्रत्येक जुन्या मेकॅनिककडे असते. संगणकाकडे जाणाऱ्या तारेत मध्येच जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब जोडायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो, जादा वीज तोच अडवतो आणि मशीन वाचतं. शॉर्ट नसेल तर बल्ब क्षणभर उजळून मंद होतो. आमचा मंद झाला.

मुख्य बोर्ड अजून जोडलेलाच नव्हता. त्याच्या जागी गाडीचा छोटा बल्ब लावून अण्णांनी मीटर टेकवला. ५ व्होल्ट हवे होते, ५.०२ मिळाले. पाच टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे ४.७५ ते ५.२५ पर्यंत. त्याहून फारच जास्त असते, तर बोर्डावरच्या शंभराच्या आसपास चिपा एका झटक्यात जाऊ शकल्या असत्या. दोन वर्षांपूर्वी आमचं नशीब चांगलं होतं, एवढंच म्हणायचं.

मीटर कुठे टेकवायचा?

पॉवर सप्लायच्या तोंडाशी ५ व्होल्ट मिळाले म्हणून काम संपत नाही. बोर्ड जोडल्यावर प्रत्येक महत्त्वाच्या चिपच्या पायावर मीटर टेकवून पाहावं लागतं. वीज निघाली हे एक, पोचली हे दुसरं.

याची मजेदार गोष्ट त्या पहिल्या आर्म चिपचीच आहे. ती किती वीज खाते हे मोजायला स्टीव्ह फर्बर यांनी मीटर लावला, तर मीटर शून्य दाखवत होता. चिप मात्र व्यवस्थित काम करत होती! शोधल्यावर कळलं की चाचणीच्या बोर्डावर दोष होता आणि चिपला वीज देणारी जोडणी लागलेलीच नव्हती. आजूबाजूच्या चिपांकडून येणाऱ्या संदेशाच्या तारांतून जी किंचित वीज झिरपत होती, तिच्यावरच ती चालत होती. कमी वीज खाणं हा या चिपचा गुण पुढे फोनच्या बॅटरीला किती उपयोगी पडला, हे वेगळं सांगायला नको. आम्ही मात्र त्या गोष्टीवरून एक धडा घेतला. ‘चालतंय’ याचा अर्थ ‘सगळं ठीक आहे’ असा नसतो.

बोर्ड स्वच्छ करताना आजीनेही सल्ला दिला. “चिंच लावा, पितळ कसं लखलखतं बघा.” समईला लावतात ती चिंच बोर्डाला लावायची नसते, आम्ल मागे राहतं आणि तांबं खातं. आम्ही मऊ ब्रशने धूळ काढली, आयसोप्रोपिल अल्कोहोलने डाग पुसले. पण आजीचं अगदीच चूक नव्हतं. धातूवर गंज आणि काळा थर चढतो हा तिचा मुद्दा बरोबर होता, आणि तो आम्हाला लगेच भोवला.

एक बीप आणि दोन बीप

बीबीसी मायक्रो सुरू होताना दोनदा वाजतो. आधी खालच्या पट्टीतला, मग वरच्या पट्टीतला. पहिला आवाज फक्त वीज आल्याचा. प्रोसेसर जागा होऊन कामाला लागला की तो पहिला आवाज बंद करतो आणि दुसरा वाजवतो. काका सांगतात, वर्गातली पोरं तोंडाने तशी नक्कल करायची.

आम्ही स्विच लावला. पहिला आवाज आला आणि तसाच चालू राहिला. थांबेचना. म्हणजे वीज आहे, पण प्रोसेसर कामाला लागलेला नाही.

इथे घाईने चिपा बदलायच्या नसतात. सगळ्यात सोपं कारण आधी तपासायचं. ज्या चिपमध्ये संगणकाची मूळ कार्यप्रणाली असते ती सॉकेटमध्ये नुसती दाबून बसवलेली असते. तिच्या पायांवर वर्षानुवर्षं थर चढतो आणि पाय सॉकेटला टेकलेले दिसले तरी वीज आरपार जात नाही. अण्णांनी ती दोन्ही टोकांनी थोडी थोडी उचलत बाहेर काढली, पाय पुसले आणि पुन्हा नीट बसवली. बाकीच्या सॉकेटमधल्या चिपांचंही तेच केलं.

पुन्हा स्विच. खालचा आवाज, आणि लगेच वरचा!

काका उभेच राहिले. टीव्हीच्या पडद्यावर अक्षरं आली. पण ती वाचून आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो.

बिघडलेली अक्षरं

पडद्यावर इंग्रजीत पहिला शब्द ‘बीबीसी’ हवा होता. तिथे होतं ‘बी-बी-बी’. मेमरीचा आकडा ३२ हवा, दिसत होता २२. आकड्याच्या पुढे ‘के’ हवा, होता ‘जे’. खाली ‘बेसिक’ या शब्दाची पाच अक्षरं हवी होती, बी-ए-एस-आय-सी. त्याऐवजी होतं बी, मग ईमेलमध्ये असतं ते ॲटचं चिन्ह, मग आर, एच आणि पुन्हा बी.

अण्णा म्हणाले, “पडद्याची चिप गेली.” काका म्हणाले, “सगळंच गेलं.” मी ती अक्षरं कागदावर उतरवून घेतली आणि घरी जेवताना त्यांच्याकडे बघत बसले. अक्षरांचाच तर माझा धंदा.

तुम्हीही बघा. सी चा बी झाला, के चा जे, एस चा आर, आय चा एच. प्रत्येक अक्षर आपल्या आधीच्या अक्षरात बदललं होतं. पण बी मात्र बी च राहिला. आकड्यांतला ३ चा २ झाला, पण २ तसाच. असं का?

संगणकाच्या आत प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. कॅपिटल ए म्हणजे ६५, बी ६६, सी ६७. ॲटचं चिन्ह ६४. आता बघा, बिघडलेली सगळी अक्षरं विषम क्रमांकाची आहेत! ६७ चे ६६ झाले, ६५ चे ६४. सम क्रमांकांना धक्का लागलेला नाही.

सोनाराच्या तराजूची कल्पना करा. त्याच्याकडे आठ वजनं आहेत: १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २ आणि १ ग्रॅम. यांतून १ ते २५५ पर्यंत कुठलंही वजन जुळवता येतं. संगणक आकडा असाच साठवतो. आता १ ग्रॅमचं वजन हरवलं तर काय होईल? सम वजनं नीट जुळतील, आणि प्रत्येक विषम वजन एकाने कमी भरेल. आमच्या पडद्यावर नेमकं तेच घडत होतं.

या संगणकाच्या मेमरीत १६ चिपा आहेत, आठ-आठच्या दोन ओळी. प्रत्येक चिप एकेक वजन सांभाळते. म्हणजे १ चं वजन सांभाळणारी एकच चिप गेली होती! खालच्या पत्त्यांच्या अर्ध्या मेमरीत प्रोसेसर स्वतःची टिपणं ठेवतो. ती बिघडली असती तर मशीन जागंच झालं नसतं. पडद्यावरचा मजकूर वरच्या अर्ध्यात असतो. तेव्हा गुन्हेगार वरच्या आठांपैकी एक.

सकाळी मी दुकानात जाऊन हे अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, “कागदावर सगळं बरोबर दिसतं. सिद्ध कर.”

बरोबरच होतं. मी कागदावर आधी लिहून ठेवलं, की काकांनी इंग्रजी कॅपिटलमध्ये ‘कुंभकोणम’ टाइप केलं तर काय दिसेल: जे, टी, एल, बी, ॲट, जे, एन, एन, ॲट, एल. कागद उलटा ठेवला. काकांनी एकेक बटण दाबलं. पडद्यावर आलेली दहाच्या दहा अक्षरं जुळली.

तरी अण्णांची शंका उरलीच. “मेमरीत बरोबर असेल आणि पडद्याकडे जाताना वाटेत बिघडत असेल तर? मग चिप बदलून काय उपयोग?”

मी गप्प झाले. उत्तर काकांनी दिलं. या कीबोर्डवर ‘कॉपी’ नावाचं बटण आहे. पडद्यावर आधी लिहिलेलं अक्षर ते मेमरीतून उचलून पुन्हा टाइप केल्यासारखं करतं. काका पोरांना प्रोग्राममधल्या चुका सुधारायला ते वापरायला लावायचे. त्यांनी पडदा पुसायची आज्ञा टाइप केली, सी-एल-एस. पडद्यावर दिसलं बी-एल-आर. एंटर दाबल्यावर पडदा मात्र पुसला गेला, कारण टाइप केलेलं आधी मेमरीच्या चांगल्या अर्ध्यात जातं. मग त्यांनी तीच अक्षरं पुन्हा टाइप केली, एस्केप दाबून आज्ञा रद्द केली आणि पडद्यावर उरलेली ती तीन अक्षरं कॉपीच्या बटणाने उचलून एंटर दाबलं. या वेळी मशीनने चूक दाखवली. म्हणजे अक्षर नुसतं बिघडून दिसत नव्हतं, ते साठवलंच चुकीचं जात होतं.

“आता चिप काढतो,” अण्णा म्हणाले. काकांकडे बघून हसले. “सार, तुमचा तास चुकवायला नको होता मी.”

ईयचोंबू आणि सोल्डर

बदली चिप मागवून यायला दहा दिवस लागले. तेवढ्यात मी सोल्डरिंगबद्दल वाचलं आणि स्वयंपाकघरात एक ओळखीची गोष्ट सापडली.

आमच्याकडे रसम ईयचोंबूत करतात, म्हणजे कथलाच्या भांड्यात. आजीचा एक नियम आहे: ईयचोंबू रिकामा चुलीवर ठेवायचा नाही. आधी पाणी, मग विस्तव. नाहीतर भांडं वितळून चुलीत सांडतं. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळतं. सोल्डर म्हणजे हेच कथील, त्यात शिसं मिसळलेलं. प्रमाण नेमकं असेल तर ते १८३ अंशांनाच वितळतं. तमिळमध्ये कथील म्हणजे वेळ्ळीयम, पांढरं ईयम, आणि शिसं म्हणजे कारीयम, काळं ईयम. पितळेच्या भांड्याला कल्हई करताना जे कथील नवसागराच्या साथीने फिरवतात, तेच इथे राळेच्या साथीने तारा जोडतं. मराठीत त्याला डाख देणं म्हणतात. एकच फरक लक्षात ठेवायचा. ईयचोंबू शुद्ध कथलाचा असावा, सोल्डरमध्ये मात्र शिसं असतं आणि ते विषारी आहे. काम झालं की साबणाने हात धुवायचे, जवळ खाऊ ठेवायचा नाही, खिडकी उघडी ठेवायची.

आमची चिप सॉकेटमध्ये नव्हती, बोर्डाला डाखलेली होती. तिला सोळा पाय. ओढली तर पायासोबत बोर्डावरची तांब्याची केसाएवढी रेघही उखडते, आणि मग दुखणं वाढतं. अण्णांनी ठरवलं, चिप वाचवायची नाही, बोर्ड वाचवायचा. बारीक कटरने चिपचे पाय एकेक करून छाटले, धड काढून टाकलं. मग एकेक पाय तापवून चिमट्याने उचलला आणि वितळलेलं सोल्डर पंपाने ओढून घेतलं. भोकं मोकळी झाल्यावर तिथे नवी चिप न डाखता आधी सॉकेट डाखलं. “पुढच्याला सोपं जाईल,” म्हणाले. पुढचा कोण, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

शेवटी मीटरने शेजारच्या दोन-दोन पायांमध्ये सोल्डरचा थेंब अडकून जोडणी झाली नाही ना, हे तपासलं. सोळाही पाय तपासल्यावर स्विच.

खालचा आवाज, वरचा आवाज. बी, बी, सी.

काकांची चाचणी

नवी चिप बसली की मशीनकडून काहीतरी हिशोब करून घ्यायचा असतो. काकांनी काय विचारलं असेल? कुंभकोणमचे गणिताचे मास्तर ते. श्रीनिवास रामानुजन याच गावात वाढले, इथल्या टाउन हायस्कूलमध्ये शिकले. १९१४ मध्ये त्यांनी ‘पाय’ काढायची एक श्रेणी प्रसिद्ध केली. तिचं फक्त पहिलं पद घेतलं तरी पायच्या अगदी जवळ पोचता येतं. ८ चं वर्गमूळ घ्या, त्याला ११०३ ने गुणा, आणि त्या उत्तराने ९८०१ ला भागा.

काकांनी कशातही न बघता ती ओळ टाइप केली. उत्तर आलं ३.१४१५९२७३. मग मशीनलाच पाय विचारला: ३.१४१५९२६५. पहिले सहा दशांश तंतोतंत. पुढचं प्रत्येक पद घेतलं की साधारण आठ आकडे आणखी जुळतात. १९८५ मध्ये अमेरिकेत विल्यम गॉस्पर यांनी हीच श्रेणी वापरून पायचे १ कोटी ७० लाखांहून जास्त आकडे काढले होते. फोनच्या कॅल्क्युलेटरवर पहिलं पद तुम्हीही करून बघा.

तुमच्या माळ्यावर असं काही असेल तर

जुना संगणक, रेडिओ, टेपरेकॉर्डर, काहीही असो:

१. हौसेने स्विच लावू नका. वर्षानुवर्षं बंद असलेल्या यंत्राची पॉवर सप्लाय आधी जाणकाराकडून तपासून घ्या.

२. पॉवर सप्लाय आणि जुन्या टीव्हीचा मागचा भाग स्वतः उघडू नका. प्लग काढलेला असला तरी नाही. मुलांना तर त्यापासून लांबच ठेवा.

३. आधी साफसफाई आणि सैल जोडण्या बघा. बरेच ‘मेलेले’ बोर्ड एवढ्यानेच उठतात.

४. एका वेळी एकच बदल करा आणि लिहून ठेवा. काय दिसलं, कसला आवाज आला, तेही.

५. चूक एकसारखी होत असेल तर खूश व्हा. एकसारखी चूक आपला पत्ता स्वतः सांगते.

६. कॅसेट असतील तर पहिल्यांदा वाजवतानाच त्यांचा आवाज फोनवर किंवा लॅपटॉपवर रेकॉर्ड करा. जुनी टेप दुसऱ्यांदा वाजेलच असं नाही.

हा सहावा मुद्दा का, ते सांगून थांबते. काकांच्या कपाटात सहा कॅसेट होत्या, १९८७ च्या वर्गातल्या पोरांनी लिहिलेल्या प्रोग्रामच्या. संगणक जळाल्यावर त्यांनी त्या टाकल्या नव्हत्या, पण वाजवणार कशावर? पाच कॅसेटनी दगा दिला. अर्ध्यात येऊन मशीन ‘डेटा?’ असं विचारायचं आणि टेप मागे घ्यायला सांगायचं. सहावी शेवटपर्यंत गेली. पाढे विचारणारा एक खेळ होता तो. उत्तर चुकलं की इंग्रजी अक्षरांत तमिळमध्ये दटावायचा, अगदी काकांच्या शब्दांत. प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत दोन मुलांची नावं होती.

त्यातल्या एकाचा नंबर काकांनी त्याच संध्याकाळी कुठून कुठून मिळवला. पन्नाशीच्या त्या गृहस्थांना आधी आवाज ओळखता आला नाही. मग काका म्हणाले, “तुझा गृहपाठ तपासून झालाय. सातच्या पाढ्यात एक चूक आहे. कधी येतोस सुधारायला?”

या रविवारी ते येणार आहेत. आजीने ईयचोंबू घासून ठेवलाय.